अटलांटिक ओलांडणारे दाखले

१५ जानेवारी १९५८ रोजी पश्चिम जर्मनीतल्या कार्ल्सरूहे शहरी संघीय घटना न्यायालयाने एक निकाल दिला. खटला वरवर पाहता एका सिनेमाचा होता. फाइट हारलान हा नाझी राजवटीतला बडा दिग्दर्शक. १९४० साली त्याने ‘यूद झ्यूस’ हा ज्यूंविषयी द्वेष पेरणारा चित्रपट काढला होता. युद्ध संपल्यावर तो पुन्हा सिनेमे काढू लागला, तेव्हा हांबुर्ग सरकारच्या प्रसिद्धिविभागाचे प्रमुख एरिक ल्यूथ यांनी जाहीर आवाहन केले की, या माणसाच्या नव्या चित्रपटावर बहिष्कार टाका. चित्रपटाशी संबंधित कंपन्या कोर्टात गेल्या. जाणूनबुजून दुसऱ्याच्या धंद्याचे नुकसान करणे दिवाणी कायद्याला मान्य नाही, असे म्हणून हांबुर्गच्या कोर्टाने ल्यूथ यांना मनाई केली. ल्यूथ घटना न्यायालयात गेले. निकाल लागायला अनेक वर्षे गेली, पण ते जिंकले.

जर्मन कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला हा निकाल आजही शिकावा लागतो, कारण मूलभूत हक्कांचा प्रभाव खासगी व्यवहारांच्या कायद्यावरही पडतो हे त्यात ठरले. माझे लक्ष मात्र त्यातल्या एका छोट्या परिच्छेदाकडे जाते. अभिव्यक्तिस्वातंत्र्य का महत्त्वाचे, हे सांगताना न्यायाधीशांनी आधी १७८९ च्या फ्रेंच जाहीरनाम्यातले शब्द फ्रेंचमध्ये दिले आणि मग अमेरिकन न्यायमूर्ती बेंजामिन कार्डोझो यांचे शब्द इंग्रजीत. विचार करण्याचे आणि बोलण्याचे स्वातंत्र्य हा इतर जवळजवळ सगळ्या स्वातंत्र्यांचा पाया आहे, असे कार्डोझो यांनी १९३७ च्या पाल्को खटल्यात लिहिले होते. कार्डोझो ज्यू होते. नाझी सत्ता कोसळून तेरा वर्षेही झाली नव्हती, आणि जर्मनीचे सर्वोच्च घटनापीठ एका ज्यू अमेरिकन न्यायाधीशाच्या शब्दांचा आधार घेत होते. तसे करायला त्याला कोणी भाग पाडले नव्हते. अमेरिकेचा पूर्वनिर्णय जर्मनीवर बंधनकारक असण्याचा प्रश्नच नव्हता.

युरोप आणि अमेरिका यांच्यातली न्यायाधीशांची आणि कायदेपंडितांची देवाणघेवाण नेमकी कशी चालते, हे समजून घ्यायला हा परिच्छेद फार उपयोगी आहे. हुकूम एका देशाचा दुसऱ्या देशात चालत नाही. कारणे मात्र जातात. आणि ती बहुतेक वेळा माणसांबरोबर जातात.

कार्ल लेवेलिन या अमेरिकन तरुणाने १९१४ साली जर्मन सैन्याच्या बाजूने लढताना जखमी होऊन ‘आयर्न क्रॉस’ मिळवला होता. पुढे तो लाइपझिगला व्याख्याने द्यायला गेला आणि अमेरिकेच्या एकरूप व्यापारी संहितेचा मुख्य शिल्पकार झाला. उलट दिशेने गेलेले बरेच जण मात्र जीव वाचवायला गेले. १९२० च्या ऑस्ट्रियन घटनेत कायद्यांची वैधता तपासणारे स्वतंत्र न्यायालय ज्यांच्या कल्पनेतून आले, ते हान्स केल्सन १९४० मध्ये अमेरिकेत पोहोचले. १८०३ च्या मार्बरी निकालापासून अमेरिकेत कोणतेही न्यायालय घटनाबाह्य कायदा बाजूला ठेवू शकते. ऑस्ट्रियात हे काम एकाच खास न्यायालयाचे. या दोन पद्धतींची तुलना केल्सन यांनी १९४२ साली इंग्रजीत लिहून अमेरिकन वाचकांपुढे ठेवली. म्युनिकचे कार्ल लोवेनश्टाइन १९३३ नंतर देश सोडून गेले आणि १९३७ मध्ये अमेरिकेतल्या एका नियतकालिकात त्यांनी मांडले की, लोकशाहीने आपल्या शत्रूंपासून स्वतःचे रक्षण करण्याची कायदेशीर हत्यारे बाळगली पाहिजेत. १९४९ च्या जर्मन घटनेत लोकशाही उलथवू पाहणाऱ्या पक्षांवर बंदीची तरतूद आली, ती याच विचाराच्या वळणाची होती.

स्वखुशीने गेलेल्यांमध्ये रूथ बेडर गिन्सबर्ग यांचे उदाहरण मला सर्वांत बोलके वाटते. कोलंबिया विद्यापीठाच्या प्रकल्पासाठी त्या १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला स्वीडनला गेल्या, स्वीडिश शिकल्या आणि न्यायाधीश आंडेर्स ब्रूझेलियस यांच्याबरोबर त्यांनी तिथल्या दिवाणी प्रक्रियेवर ग्रंथ लिहिला. तो १९६५ साली निघाला. पण ग्रंथाइतकेच डोळ्यांनी पाहिलेले त्यांच्या मनात राहिले. कायद्याच्या वर्गात मुलींची संख्या अमेरिकेपेक्षा कितीतरी जास्त होती. आठ महिन्यांची गरोदर न्यायाधीश न्यायासनावर बसून काम चालवताना त्यांनी पाहिली. स्त्री-पुरुष समानतेचे खटले त्यांनी लढवले ते या अनुभवानंतर.

१९४५ नंतरची काही दशके ओघ मुख्यतः एकाच दिशेने होता. अमेरिकेने द्यायचे आणि युरोपने घ्यायचे. यात बदल होतो आहे हे जगाच्या ध्यानात आले ते १९८९ साली, स्ट्रासबूरमध्ये. झ्योरिंग हा जर्मन तरुण व्हर्जिनिया राज्यातल्या दुहेरी खुनाचा आरोपी होता आणि इंग्लंडमध्ये पकडला गेला होता. अमेरिकेने त्याचे प्रत्यार्पण मागितले. ७ जुलै १९८९ रोजी युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने सांगितले की, त्याला तसाच पाठवला तर ब्रिटनकडून अमानुष वागणुकीला मनाई करणाऱ्या कलमाचा भंग होईल. न्यायालयाने फाशीला सरसकट बेकायदा म्हटले नाही. व्हर्जिनियात फाशीची वाट पाहत सरासरी सहा ते आठ वर्षे कोठडीत काढावी लागतात, आरोपीचे वय गुन्ह्याच्या वेळी अवघे अठरा होते, त्याच्या मनःस्थितीबद्दल वैद्यकीय पुरावा होता, या सगळ्याचा एकत्र विचार करून तो निर्णय झाला. फाशी होणार नाही अशी खात्री मिळाल्यावरच त्याला पाठवले गेले. तिथे त्याला जन्मठेप झाली. युरोपच्या न्यायाधीशांनी अमेरिकेतल्या मृत्युकोठडीचा इतका तपशीलवार अभ्यास निकालपत्रात मांडल्यावर अमेरिकन न्यायाधीशांना तो न वाचून चालण्यासारखे नव्हते.

त्याच वर्षी जर्मन घटनेच्या चाळिशीनिमित्त केलेल्या भाषणात अमेरिकेचे सरन्यायाधीश विल्यम रेनक्विस्ट म्हणाले की, घटनात्मक कायदा आता अनेक देशांत रुजला आहे, तेव्हा अमेरिकन न्यायालयांनीही इतर देशांच्या घटना न्यायालयांचे निकाल पाहायला लागावे. रेनक्विस्ट हे पक्के परंपरावादी न्यायाधीश होते, म्हणून या उद्गारांचे मोल अधिक. १९९७ मध्ये डॉक्टरच्या मदतीने मरण पत्करण्याच्या हक्काचा प्रश्न आला, तेव्हा त्यांनी नेदरलँड्सचा अनुभव निकालपत्रात तपासलाही. तो हक्क नाकारताना तो अनुभव त्यांच्या कामी आला.

१९९८ च्या जुलैत ओ’कॉनर, केनेडी, गिन्सबर्ग आणि ब्रेयर हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे चार न्यायमूर्ती युरोपीय न्यायालयांच्या भेटीला गेले. केनेडी तर वर्षानुवर्षे उन्हाळ्यात ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्गला शिकवायला जात. येल विद्यापीठात १९९६ पासून निरनिराळ्या देशांच्या वरिष्ठ न्यायाधीशांची खासगी चर्चासत्रे भरू लागली. न्यायालये एकमेकांशी बोलू लागली आहेत, हे अमेरिकन कायदेपंडित अ‍ॅन-मरी स्लॉटर यांनी १९९४ पासून आपल्या लेखनात मांडले होते.

आणि इथे आपला एक माणूस या गोष्टीत येतो. ८ नोव्हेंबर १९९९ रोजी नाइट विरुद्ध फ्लोरिडा प्रकरणात, वीस-वीस वर्षे फाशीची वाट पाहणाऱ्या कैद्यांची याचिका ऐकायला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने नकार दिला. स्टीव्हन ब्रेयर यांनी असहमती नोंदवली आणि अशी दीर्घ प्रतीक्षा हीच क्रूर शिक्षा होते का, हे तपासताना त्यांनी स्ट्रासबूरचा झ्योरिंग निकाल, लंडनची प्रिव्ही कौन्सिल, झिंबाब्वेचे सर्वोच्च न्यायालय यांच्या जोडीला भारताचा दाखला दिला: शेरसिंग विरुद्ध पंजाब राज्य, १९८३. तो निकाल लिहिला होता पुण्यात जन्मलेले सरन्यायाधीश यशवंत विष्णु चंद्रचूड यांनी. अपवादात्मक विलंब झाला तर फाशी न्याय्य उरते का, हे न्यायालयाने पाहावे, पण ठरावीक इतकी वर्षे उलटली की शिक्षा आपोआप रद्द, असा नियम करता येणार नाही, अशी तोलून मापून घेतलेली भूमिका त्यात आहे. न्यायमूर्ती क्लॅरेन्स थॉमस यांनी ब्रेयर यांना तिथल्या तिथे उत्तर दिले: या म्हणण्याला अमेरिकन कायद्यात आधार असता, तर युरोप, झिंबाब्वे, भारत किंवा प्रिव्ही कौन्सिल यांच्याकडे जावेच लागले नसते.

थॉमस यांच्याशी मी सहमत नाही. पण त्यांनी उत्तर दिले आणि ते छापले गेले, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

खरे वादळ उठले ते २००३ मध्ये. लॉरेन्स विरुद्ध टेक्सास खटल्यात समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारा कायदा रद्द करताना न्यायमूर्ती केनेडी यांनी १९८१ च्या डजन निकालाचा उल्लेख केला. उत्तर आयर्लंडमधल्या तशाच कायद्याविरुद्ध तो स्ट्रासबूरने दिला होता. १९८६ साली अमेरिकेच्याच सर्वोच्च न्यायालयाच्या तेव्हाच्या सरन्यायाधीशांनी म्हटले होते की, अशा संबंधांना पाश्चात्त्य संस्कृतीने कायम निषिद्ध मानले आहे. ते विधान केले गेले तेव्हाच चुकीचे होते, हे दाखवायला केनेडी यांना युरोपचा आधार लागला. परदेशी दाखल्याचा याहून चोख उपयोग मला माहीत नाही. मूळ विधानच परदेशांविषयी होते, तेव्हा ते तपासायला परदेशांकडेच पाहावे लागणार. तरीही न्यायमूर्ती स्कॅलिया यांनी कडक विरोध केला, आणि त्यांच्या असहमतीवर रेनक्विस्ट यांचीही सही होती.

१ मार्च २००५ रोजी रोपर विरुद्ध सिमन्स खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी, अठरा वर्षांखाली गुन्हा केलेल्यांची फाशी रद्द झाली. सत्तरहून अधिक कैद्यांचा जीव त्यामुळे वाचला. युरोपीय संघानेही या खटल्यात आपले म्हणणे मांडले होते. केनेडी यांनी लिहिले की, जगाचे मत अमेरिकेवर बंधनकारक नाही, पण आपण स्वतंत्रपणे काढलेल्या निष्कर्षाला ते आदरणीय दुजोरा देते. क्रूर शिक्षेवरची अमेरिकन बंदी जवळजवळ शब्दशः १६८९ च्या इंग्लिश हक्कनाम्यातून आली आहे, याची आठवणही त्यांनी करून दिली. यावर स्कॅलिया यांनी विचारलेला प्रश्न अडचणीचा होता. गर्भपात, किंवा पोलिसांनी बेकायदा मिळवलेला पुरावा, या बाबतींत अमेरिका बहुतेक जगाहून वेगळी आहे. तिथे तुम्ही परदेशांचे का ऐकत नाही? मत जुळले की दाखला द्यायचा आणि न जुळले की विसरायचा, ही तर्काची पद्धत नव्हे. त्याच वर्षी होऊ घातलेले सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी सेनेटपुढे सांगितले की, जर्मन न्यायाधीशाला अमेरिकेच्या लोकांना उत्तरदायी असलेल्या कोणीही नेमलेले नाही. प्रतिनिधिगृहात याविरुद्ध ठराव आधीच, २००४ मध्ये, मांडला गेला होता. गिन्सबर्ग आणि ओ’कॉनर यांना इंटरनेटवरून जिवे मारण्याची धमकी आली, त्यामागेही हेच दाखले होते.

यानंतर अमेरिकेत हे दाखले देणे कमी झाले, असे दिसते. २०१५ साली समलिंगी विवाहाला मान्यता देताना त्याच केनेडी यांनी परदेशी न्यायालयांच्या निकालांचा आधार घेतला नाही. तोवर युरोपातल्या अनेक देशांत असे विवाह कायदेशीर झाले होते. चर्चासत्रे, भेटी, व्याख्याने मात्र चालूच राहिली. म्हणजे न्यायाधीश एकमेकांचे वाचतात, ऐकतात, पण लिहीत नाहीत. माझा आक्षेप नेमका इथे आहे.

अशा न लिहिलेल्या देवाणघेवाणीचे मोल आपण भारतीयांनी मोजले आहे. १९४७ मध्ये आपल्या घटना समितीचे सल्लागार बेनेगल नरसिंग राव अमेरिकेत गेले आणि न्यायमूर्ती फेलिक्स फ्रँकफर्टर यांना भेटले. फ्रँकफर्टर जन्माने व्हिएन्नाचे. अमेरिकन घटनेतली ‘ड्यू प्रोसेस’ची तरतूद न्यायाधीशांच्या हाती वाजवीपेक्षा जास्त सत्ता देते, असे त्यांनी रावांना सांगितले. पुढे आपल्या घटनेतल्या, जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या कलम २१ मधून ते शब्द गळले आणि ‘कायद्याने प्रस्थापित केलेली कार्यपद्धती’ आली. दोन्ही पर्यायांत धोका कसा आहे, हे डॉ. आंबेडकरांनी १३ डिसेंबर १९४८ रोजी घटना समितीत मोकळेपणाने मांडले. १९५० च्या गोपालन निकालात त्या शब्दांचा अरुंद अर्थ लावून स्थानबद्धतेचा कायदा जवळपास पूर्णच टिकवला गेला. तो अर्थ सुटायला १९७८ चा मनेका गांधी निकाल यावा लागला. फ्रँकफर्टर यांचा सल्ला वाईट हेतूचा नव्हता. पण तो एका भेटीत दिला गेला. निकालपत्रात दिला असता तर थॉमस यांनी ब्रेयर यांना दिले तसे उत्तर तिथल्या तिथे कोणीतरी दिले असते.

स्कॅलिया यांच्या प्रश्नालाही उत्तर यातच आहे. निवड तर प्रत्येक न्यायाधीश करतोच, देशी पूर्वनिर्णयांतूनही करतो. हाच देश का घेतला आणि तो का सोडला, हे त्याने लिहावे. लिहिले की खोडता येते. दोन्ही बाजूंनी लिहिले तर मतभेदही स्वच्छ दिसतात. १६ जुलै २०२० रोजी लक्झेंबर्गच्या, म्हणजे युरोपीय संघाच्या, न्यायालयाने अमेरिकेशी झालेली माहिती-हस्तांतराची व्यवस्था दुसऱ्यांदा मोडीत काढली, तेव्हा अमेरिकेतले पाळतीचे कायदे कुठे कमी पडतात हे नेमकेपणाने सांगितले. गोड भेटीगाठींपेक्षा असा उघड विरोध मला अधिक उपयुक्त वाटतो.

सप्टेंबर २०१८ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ विषयी निकाल दिला. त्यातल्या न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांच्या निकालपत्रात डजनही आहे आणि लॉरेन्सही. धनंजय हे यशवंतरावांचे चिरंजीव, हे सर्वांना ठाऊक आहे; वडिलांचा निकाल वॉशिंग्टनला पोहोचला होता, हे फारसे कोणाला ठाऊक नाही. शेरसिंग निकाल आणि ब्रेयर यांची असहमती दोन्ही इंटरनेटवर मोफत मिळतात. दोन्ही आटोपशीर आहेत. दिवाळीच्या सुट्टीत शेजारी शेजारी ठेवून वाचा, आणि थॉमस यांचे उत्तरही सोडू नका.