दूरदर्शनचा डोळा आणि बदललेला रंग

आमच्या लहानपणी गावात एकाच घरी टी.व्ही. होता, आणि ते घर आमच्या वस्तीत नव्हते. वरच्या आळीत होते. संध्याकाळी प्रक्षेपण सुरू होण्याआधीच आम्ही पाच-सात पोरे त्या घराच्या खिडकीखाली जाऊन उभी राहत असू. घरातली माणसे सतरंजीवर बसत आणि आम्ही बाहेर, टाचा उंचावून. “गजांना हात लावू नका रे!” हे वाक्य किती वेळा ऐकले असेल, त्याची गणती नाही. मग पडद्यावर दोन वक्र आकार गोल गोल फिरू लागत, मागे ते संथ, हुरहुर लावणारे सूर वाजत, आणि फिरता फिरता ते आकार एका वर्तुळाभोवती स्थिर होत. जणू एखादा डोळाच उघडला! तो डोळा सतरंजीवरच्या मंडळींकडे जसा पाही, तसाच खिडकीबाहेरच्या आमच्याकडेही पाही. त्याने आम्हाला कधी मागे सरका म्हटले नाही.

दूरदर्शनच्या त्या बोधचिन्हाचा रंग २०२४ मध्ये बदलला आणि देशभर वाद झाला. “रंगच तर बदलला, त्यात एवढे काय?” असे पुष्कळांनी विचारले. आम्हीही स्वतःला तेच विचारले. त्याचे उत्तर शोधताना जे सुचले ते वाचकांपुढे ठेवत आहोत.

चिन्ह कसे जन्मले

दूरदर्शनचे पहिले प्रक्षेपण १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत झाले. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. तोवर हा सगळा कारभार आकाशवाणीचाच एक भाग होता. १ एप्रिल १९७६ रोजी दूरदर्शन वेगळे झाले आणि वेगळ्या संस्थेला वेगळी ओळख हवी म्हणून चिन्हाचा शोध सुरू झाला. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतील विद्यार्थ्यांनी त्यासाठी निरनिराळी रेखाटने केली. त्यांतील देवाशिष भट्टाचार्य या तरुणाचे रेखाटन निवडले गेले. मध्ये एक वर्तुळ आणि त्याला दोन्ही बाजूंनी कवेत घेणारे दोन वक्र आकार, एवढेच ते चित्र. ते फिरते केल्यावर त्यात जीव आला, आणि पंडित रविशंकर यांच्या सुरावटीने ते घराघरांत पोहोचले.

या चिन्हात अक्षरे वाचावी लागत नव्हती. आमच्या वस्तीतल्या ज्या आयाबायांना अक्षरओळख नव्हती, त्यासुद्धा ते फिरू लागले की म्हणत, “लागलं बरं का, चला!” देशातल्या सगळ्या भाषांच्या माणसांना एकसारखे कळेल असे ते चित्र होते. सार्वजनिक संस्थेच्या चिन्हाकडून याहून अधिक काय मागावे?

रंग बदलला तेव्हा

१६ एप्रिल २०२४ रोजी डी.डी. न्यूज या वृत्तवाहिनीने आपले नवे रूप जाहीर केले. मूल्ये तीच आहेत, अवतार नवा आहे, असे वाहिनीने सांगितले. आकार तोच राहिला, पण पूर्वीचा लाल रंग जाऊन त्या जागी केशरी आला. लोकसभा निवडणुकीची आचारसंहिता लागू होती आणि पहिल्या टप्प्याचे मतदान तीनच दिवसांवर, १९ एप्रिलला, आले होते.

प्रतिक्रिया लगेच उमटल्या. प्रसार भारतीचे माजी मुख्य कार्यकारी अधिकारी आणि त्या वेळी तृणमूल काँग्रेसचे राज्यसभा सदस्य असलेले जवाहर सरकार यांनी, प्रसार भारतीची आता ‘प्रचार भारती’ झाली, असा टोला हाणला. पश्चिम बंगालच्या तेव्हाच्या मुख्यमंत्री ममता बॅनर्जी यांनी ऐन निवडणुकीत हे कसे चालते, असा सवाल केला. तामिळनाडूचे तेव्हाचे मुख्यमंत्री एम. के. स्टॅलिन यांनीही निषेध नोंदवला. प्रसार भारतीचे तेव्हाचे मुख्य कार्यकारी अधिकारी गौरव द्विवेदी यांनी खुलासा केला की, हा रंग भगवा नसून नारिंगी आहे, तो डोळ्यांना उठावदार दिसावा म्हणून घेतला आहे, आणि वाहिनीची एकूण सजावट व यंत्रसामग्रीही सुधारली आहे. डी.डी. इंडिया वाहिनीचे चिन्ह याच धर्तीवर आधीच बदलले होते, हेही त्यांनी सांगितले.

राजकीय पुढाऱ्यांचे एकवेळ सोडून देऊ. साधी माणसेही हळहळली. कोणाला आजोबांची आठवण झाली, कोणाला शेजारच्या घरची. २०१७ मध्येही असेच घडले होते. तरुण पिढीशी नाते जुळावे म्हणून प्रसार भारतीने नव्या चिन्हासाठी लोकांकडून प्रवेशिका मागवल्या, तेव्हा जुनेच राहू द्या, असे म्हणणारे अनेकजण पुढे आले. त्या वेळी मूळ आकार कायम राहिला.

दुकानाचे चिन्ह आणि देशाचे चिन्ह

लोकांचा असा रोष केवळ आपल्याकडेच होतो असे नाही. अमेरिकेतील गॅप या कपड्यांच्या कंपनीने ऑक्टोबर २०१० मध्ये आपले वीस वर्षांहून जुने, निळ्या चौकोनातले पांढऱ्या अक्षरांचे चिन्ह बदलले. ग्राहकांनी इतकी नापसंती दर्शवली की आठवड्याभरात कंपनीने जुने चिन्ह परत आणले. नफ्यासाठी चालणाऱ्या दुकानाने गिऱ्हाइकाचे ऐकले. गॅपचे कपडे नको असतील तर ग्राहक दुसऱ्या दुकानात जातो, म्हणून ऐकणे त्याला भाग होते.

दूरदर्शनचे तसे नाही. ते नागरिकांच्या पैशांतून उभे राहिले. सरकारचा थेट हात त्यावर राहू नये म्हणून १९९० मध्ये प्रसार भारती कायदा झाला आणि १९९७ मध्ये तो अमलात आला. म्हणजे येथे आपण गिऱ्हाईक नसून मालक आहोत. मालकाच्या घराला रंग देताना मालकाला विचारायचे नाही, हा कोणता न्याय?

रंगाशी आमचे भांडण नाही

हे नीट समजून घ्यावे. केशरी रंग आम्हाला परका नाही. भिक्खूंचे चीवर त्याच कुळातले आहे. पंचरंगी धम्मध्वजात तो आहे आणि राष्ट्रध्वजातही आहे. एखाद्या रंगावर कोणा एका पक्षाची मालकी आपणच का मान्य करावी? म्हणून “भगवा आला, बुडालो” अशी ओरड आम्हाला पुरेशी वाटत नाही. तो रंग कोणत्या वेळी आला, कोणी ठरवला आणि कोणाला विचारून ठरवला, हे प्रश्न अधिक महत्त्वाचे आहेत.

चिन्ह बदलण्याची योग्य रीत या देशाला ठाऊक नाही असेही नाही. राष्ट्रध्वजाचेच उदाहरण घ्या. स्वातंत्र्यलढ्यातल्या तिरंग्यावर चरखा होता. नव्या राष्ट्राचा ध्वज ठरवण्यासाठी राजेंद्र प्रसादांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या समितीचे सदस्य होते. चरख्याच्या जागी सम्राट अशोकाचे चक्र आले. गांधीजींना चरखा गेल्याचे रुचले नव्हते, आणि त्यांनी ते उघडपणे सांगितले. २२ जुलै १९४७ रोजी पंडित नेहरूंनी घटना समितीपुढे ठराव मांडला, चक्राचा अर्थ सांगितला, निरनिराळ्या समाजांचे सदस्य त्यावर बोलले आणि मग ठराव मंजूर झाला. बदल मोठा होता, मने दुखावणाराही होता. पण तो सर्वांच्या समोर झाला, कारणे सांगून झाला. म्हणूनच तो ध्वज बहुतेकांना आपला वाटला.

चिन्हाच्या मागे काय आहे?

आता एक गोष्ट आपल्या माणसांनाही सांगावीशी वाटते. जुन्या चिन्हासाठी हळहळताना आमच्या मनात एक टोचणी राहिली. तो डोळा आमच्याकडे पाहत होता खरा. पण तो स्थिर झाल्यावर पुढे जे दिसे, त्यात आम्ही किती होतो? खिडकीखाली उभे राहून आम्ही जी घरे पाहिली, जे सणवार पाहिले, जी आडनावे ऐकली, त्यात आमची वस्ती क्वचितच होती. लाल रंग असतानाही हे होतेच. तेव्हा जुना रंग परत आला की सगळे मिळाले, असे आम्हाला म्हणता येणार नाही.

म्हणून आमची मागणी जरा लांबची आहे. सार्वजनिक संस्थेने चिन्ह बदलताना लोकांना आधी विचारावे आणि कारण सांगावे. निवडणुकीच्या तोंडावर तर असा बदल करूच नये. आणि आपण प्रेक्षकांनी केवळ चिन्हावर न थांबता कार्यक्रमांचाही हिशेब मागावा. बातम्यांत कोणाचे दुःख दाखवले जाते, चर्चेला कोणाला बोलावले जाते, आपल्या गायकांना, कवींना, शाहिरांना किती वेळ मिळतो, हे लिहून काढावे आणि केंद्राकडे पाठवावे. दहा घरांतून दहा पत्रे गेली तर कोणाला तरी ती वाचावीच लागतील.

परवा हे सगळे घरात बोलणे चालले असताना आम्ही आईला कागद-पेन्सिल दिली आणि दूरदर्शनचे चिन्ह काढायला सांगितले. तिचे शिक्षण दुसरीपर्यंतचे. तिने आधी मध्ये गोल काढला, मग एक वक्र वरून, दुसरा खालून. थोडे वाकडे झाले, पण तेच! शाळेत जाणाऱ्या नातीने विचारले, “आजी, हे तू कुठे शिकलीस?”

आई म्हणाली, “खिडकीतून.”

नातीला काही कळले नाही. मग आईने तिला जवळ बसवून त्या खिडकीची, त्या गजांची आणि बाहेर उभ्या असलेल्या पोरांची गोष्ट पहिल्यापासून सांगितली. वाचकांनीही आपापल्या घरात एखाद्या संध्याकाळी अशी कागद-पेन्सिल काढावी. आपल्या मुलांना त्या चिन्हाचा आकार कळेल, आणि त्या वेळी आपण कुठे उभे होतो, हेही कळेल.