खिदमत म्हणजे पलंगावर निजवणे नव्हे

सकाळी सहाला सासूबाईंना गुडघा बदलण्यासाठी रुग्णालयात नेले आणि रात्री आठला जुन्या सांगवीतल्या घरी परत आणले. शेजारच्या खाला दारातच म्हणाल्या, "एवढं मोठं ऑपरेशन आणि त्याच दिवशी घरी?" दुसऱ्या दिवशी अम्मींना वॉकर धरून चालवताना पाहिले, तेव्हा तर मी निष्ठुर सूनच ठरले.

खालांचे आश्चर्य साहजिक होते. पूर्वी या शस्त्रक्रियेनंतर आठ-दहा दिवस रुग्णालयात राहावे लागे. आता पायापुरती भूल, रक्तस्राव कमी करणारी औषधे आणि आधीपासून दिलेली वेदनाशामके यांमुळे काही तासांत रुग्ण उभा राहू शकतो. शिवाय पडून राहिल्याने पायाच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. म्हणून चालणे हा छळ नाही, तो उपचाराचाच भाग आहे.

मात्र त्याच दिवशी घरी जाणे सर्वांसाठी नाही. हृदयविकार असेल, साखर आटोक्यात नसेल किंवा घरी सोबतीला कोणी नसेल, तर रुग्णालयात राहणेच बरे. अम्मींना सोडण्यापूर्वी फिजिओथेरपिस्टने त्यांना उभे केले, चालवले, जिना चढ-उतार करून घेतला. चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी ऑपरेशनचा पाय, हे पाठ करून घेतले. लघवी नीट होते का, गोळ्यांनी वेदना थांबतात का, हेही पाहिले.

चूक झाली ती घरी, आणि तीही मायेपोटी. भेटायला आलेल्या नणंदेने गुडघ्याखाली मऊ उशी ठेवली. अम्मींना बरे वाटले, म्हणून आम्हीही ती राहू दिली. पाच दिवसांनी फिजिओथेरपिस्ट आल्या, तेव्हा गुडघा सरळच होईना. उशी ठेवायची तर टाचेखाली, म्हणजे गुडघा सरळ राहतो, असे त्यांनी समजावले. मग घोटा वर-खाली करणे, मांडीचा स्नायू आवळून धरणे, टाच पलंगावर सरकवत गुडघा वाकवणे, हे व्यायाम आम्ही दिवसातून तीन-चार वेळा न चुकता करून घेतले. त्यानंतर कापडात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटे. अम्मी रडायच्या, रागवायच्या. सुरुवातीच्या आठवड्यांत आखडलेला गुडघा पुढे सुटणे अवघड जाते, हे मला ठाऊक होते. तरी त्यांचे डोळे पाहून माझा हात थांबायचा.

अम्मींची मोठी काळजी नमाजची होती. सजद्यात गुडघा टेकवणे डॉक्टरांनी मना केले होते. उभे राहणे जमत नसेल तर बसून, तेही जमत नसेल तर कुशीवर, ही सवलत प्रेषित (स.) यांनी स्वतः दिली आहे. हे इमाम साहेबांच्या तोंडून ऐकल्यावर त्यांनी समाधानाने खुर्चीवर नमाज सुरू केली. जखमेच्या पट्टीला पाणी लागू द्यायचे नसते. वुजू आणि गुसलविषयीही आधीच विचारून ठेवावे.

तयारी शस्त्रक्रियेआधीच करावी. कमोड किंवा कमोडची खुर्ची, उंच पलंग, हाताची खुर्ची, वॉकर घरात हवा. पाय अडकतील अशा सतरंज्या उचलाव्यात. विमा असेल तर कंपनीला आधी विचारावे, कारण अनेक पॉलिसींत चोवीस तास दाखल राहण्याची अट असते. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा घातली, म्हणून बिलात त्याची किंमत वेगळी मागून घ्यावी. फिजिओथेरपिस्टला रोज घरी बोलावणे परवडत नसेल, तर सांगवी फाट्याजवळचे जिल्हा रुग्णालय किंवा पिंपरीचे वायसीएम येथे चौकशी करावी.

पोटरी सुजून दुखली, दम लागला, छातीत दुखले, ताप आला किंवा जखमेतून पू आला, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

एक गोष्ट घरातल्या पुरुषांसाठी. रुग्ण लवकर घरी आला की रुग्णालयाचे काम घरावर येते आणि बहुतेक वेळा ते एकट्या सुनेच्या माथी पडते. आमच्याकडे सकाळचा व्यायाम मुलाने आणि संध्याकाळचा नातवाने घ्यायचा, असे ठरले, तेव्हाच माझी शाळा सुरू राहिली. आई-वडिलांची खिदमत मुलांवरही आहे.

दोन महिन्यांनी अम्मी काठी न घेता खालांच्या घरी गेल्या. खालांचाही गुडघा दुखतो. त्यांनी दार उघडले आणि आधी अम्मींच्या पायाकडे पाहिले. मग मला विचारले, "ती उशी कुठं ठेवायची म्हणालीस?"