‘कोणी’, ‘कोणीही’ आणि इंग्रजीतील नकार

दिल्लीच्या कचेऱ्यांत व न्यायालयांत इंग्रजी वापरणाऱ्यांपैकी बहुतेकांची ती मातृभाषा नसते. घरी हिंदी, पंजाबी किंवा मराठी बोलणारा मनुष्य इंग्रजी लिहू लागला, की मातृभाषेची घडणही त्याच्याबरोबर येते. अनिश्चित सर्वनामांच्या बाबतीत हे विशेष जाणवते.

मराठीत ‘कोणी’ हा एकच शब्द तिन्ही ठिकाणी चालतो : ‘कोणी आले आहे’, ‘कोणी आले आहे का?’ आणि ‘कोणी आले नाही’. हिंदीतील ‘कोई’चेही तसेच. इंग्रजीत मात्र विधानात ‘समबडी’, प्रश्नात सामान्यतः ‘एनीबडी’ आणि नकारात ‘नोबडी’ येते. मराठीत नकाराचा भार क्रियापदावर पडतो. इंग्रजीत तो सर्वनामातच सामावू शकतो. म्हणून ‘एनीबडी डिड नॉट कम’ हे वाक्य अशुद्ध होय. ‘नोबडी केम’ असे म्हटले पाहिजे. नकार क्रियापदाबरोबर आधीच आला असेल, तर पुढे ‘एनीबडी’ येते : ‘आय डिड नॉट सी एनीबडी’. ‘नोबडी डिड नॉट कम’ असे म्हटल्यास, न आलेला कोणीही नव्हता, म्हणजे सगळेच आले, असा उलटा अर्थ निघतो.

या दोन्ही रचनांचा उत्तम नमुना 26 जानेवारी 1950 रोजी अंमलात आलेल्या आपल्या संविधानाच्या इंग्रजी पाठात सापडतो. अनुच्छेद 14 मध्ये क्रियापदाबरोबर ‘नॉट’ आहे, म्हणून पुढे ‘एनी पर्सन’ येते : कायद्यापुढील समानता कोणालाही नाकारता येत नाही. अनुच्छेद 21 चा आरंभच ‘नो पर्सन’ या शब्दांनी होतो, म्हणून तेथे क्रियापदाला ‘नॉट’ जोडलेले नाही. येथे ‘एनी’ व ‘नो’ ही सर्वनामे नसून विशेषणे आहेत. परंतु नियम तोच. अनुच्छेद 21 मध्ये मराठी वळणाने आणखी एक ‘नॉट’ घातला असता, तर जीविताचे व स्वातंत्र्याचे रक्षण करणारे वाक्य नेमके उलट बोलले असते.

दुसरी चूक वचनाची. ‘सगळे आले आहेत’ हे आपल्याकडे अनेकवचन. इंग्रजीत ‘एव्हरीबडी’ एकवचनी आहे, म्हणून ‘एव्हरीबडी इज हिअर’. त्यानंतर पुरुषवाचक ‘हिज’ वापरण्याची जुनी रीत होती. अनुच्छेद 21 मध्येही ‘हिज’ आहे. तथापि 1897 च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमानुसार पुल्लिंगी शब्दांत स्त्रियांचाही अंतर्भाव होतो, आणि अनुच्छेद 367 अन्वये तो अधिनियम संविधानाच्या अर्थनिर्णयालाही लागू आहे. दैनंदिन इंग्रजीत आज अशा ठिकाणी ‘देअर’ सर्रास वापरले जाते.

तेव्हा इंग्रजी वाक्य लिहून झाल्यावर दोन गोष्टी तपासाव्यात : नकार एकदाच आला आहे ना, आणि ‘एव्हरीबडी’पुढील क्रियापद एकवचनी आहे ना.