जुन्या खेळात आपले आवाज – मूळ नोंद न खोडता



दिवाळीच्या सुट्टीत नातवंडे गावी येतात आणि दुपारभर संगणकासमोर बसतात. आपण वडीलधारी माणसे 'डोळे जातील' म्हणून ओरडतो. खटकचिंचोळीच्या घरी आमचेही तेच चालले होते. मागच्या सुट्टीत मात्र धाकट्या नातवाने विचारले, "आबा, या खेळातल्या दाराला आपल्या वाड्याच्या दाराचा आवाज लावायचा का?" आम्ही ओरडायचे सोडून त्याच्या शेजारी खुर्ची ओढली. त्यात आम्ही काय शिकलो आणि काय गमावले, ते सभासदांच्या उपयोगी पडेल म्हणून लिहीत आहोत.

खेळाचे नाव 'डूम'. अमेरिकेतील 'आयडी सॉफ्टवेअर' या कंपनीने तो डिसेंबर १९९३ मध्ये आणला. खेळ बंदुकीचा आहे, त्यामुळे अगदी लहान मुलांच्या हाती देऊ नये. पण त्याची बांधणी पाहण्यासारखी आहे. कंपनीने डिसेंबर १९९७ मध्ये त्याची मूळ आज्ञावलीही सर्वांसाठी खुली केली, म्हणून तीस वर्षांनंतरही तो आजच्या संगणकावर चालतो. 'फ्रीडूम' नावाचा संच तर पूर्णपणे मोफत मिळतो. त्यातली चित्रे आणि आवाज वेगळे आहेत, पण रचना तीच आहे.

आम्ही बी.कॉम. झालेले आणि आयुष्य बँकेत गेलेले, त्यामुळे ही रचना आम्हाला खातेवहीसारखी वाटली. खेळातली चित्रे, नकाशे आणि आवाज एका मोठ्या फाइलीत असतात. तिला 'वॅड' म्हणतात. वॅडच्या सुरुवातीला बारा बाइटांचे मुखपृष्ठ असते. त्यात ही वही कोणत्या प्रकारची आहे, एकूण नोंदी किती आहेत आणि अनुक्रमणिका कुठे आहे, एवढेच लिहिलेले असते. अनुक्रमणिकेत प्रत्येक नोंदीसाठी सोळा बाइट असतात : नोंद कुठून सुरू होते, केवढी आहे आणि तिचे नाव काय. नाव आठ अक्षरांपेक्षा मोठे चालत नाही. आवाजांची नावे 'डी' आणि 'एस' या इंग्रजी अक्षरांनी सुरू होतात.

वह्या दोन प्रकारच्या असतात. 'आयवॅड' ही कंपनीची मूळ वही आणि 'पीवॅड' ही आपली पुरवणी. खेळ सुरू करताना पुरवणी जोडली की इंजिन नोंदी शेवटाकडून शोधते. दाराच्या आवाजाची नोंद पुरवणीत सापडली तर तीच वाजते, नाही तर मूळ वहीतली वाजते. पुरवणी काढून घेतली की खेळ पहिल्यासारखा. मूळ वहीवर एक रेघही ओढावी लागत नाही.

बँकेत आम्हाला पहिल्या आठवड्यात हेच शिकवले होते. चूक झाली तरी नोंद खोडायची नाही, खरवडायची नाही. उलट नोंद करून दुरुस्ती करायची, म्हणजे उद्या तपासनीस आला तरी आधी काय होते ते दिसते.

आता आवाजाचा हिशोब. संगणक आवाज साठवतो म्हणजे सेकंदाला हजारो वेळा त्याची उंची मोजून आकडा लिहितो. सीडीवर सेकंदाला ४४,१०० मोजमापे असतात, प्रत्येक दोन बाइटांचे, आणि डाव्या-उजव्या अशा दोन बाजू. म्हणजे एका सेकंदाला १,७६,४०० बाइट. डूमच्या बहुतेक आवाजांत सेकंदाला ११,०२५ मोजमापे, प्रत्येक एक बाइटाचे, आणि एकच बाजू. म्हणजे जागा सोळाव्या हिश्श्याची. फ्लॉपीच्या काळात ही काटकसर गरजेचीच होती.

काटकसरीची किंमतही द्यावी लागते. सेकंदाला ११,०२५ मोजमापे घेतली तर साधारण ५,५०० कंपनांपर्यंतचाच आवाज टिकतो, त्यावरचा बारीक नाद गळून पडतो. आम्ही बैलाच्या गळ्यातले घुंगरू घातले तर ते गंजल्यासारखे वाजले. हलगी मात्र छान उतरली, कारण तिचा जोर खालच्या सुरात असतो. एका बाइटात उंचीच्या २५६ पायऱ्याच मावतात, म्हणून हळू बोललेला शब्द खरखरीत बुडतो. आवाज आधी पुरेसा मोठा करून घ्यावा लागतो.

कृती अवघड नाही. 'ऑडॅसिटी' या मोफत साधनात हवा तो तुकडा कापायचा, एकबाजू करायचा, ११,०२५ वर आणायचा आणि आठ बिटांची वेव्ह फाइल काढायची. मग 'स्लेड' या दुसऱ्या मोफत साधनात नवी पीवॅड उघडायची, त्यात ती फाइल घालायची, डूमच्या साच्यात बदलायची आणि ज्या आवाजाच्या जागी वाजवायची त्याचे नाव द्यायचे. वाड्याच्या सागवानी दाराची करकर अशी पहिल्याच दिवशी खेळात आली. नातू टाळ्या पिटत होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही चूक केली.

आमच्या मायच्या जात्यावरच्या ओव्यांची एक कॅसेट होती. तीस मिनिटांची बाजू. कॅसेट पुढे बुरशीने गेली, पण त्याआधी ती आम्ही एका दुकानातून संगणकावर उतरवून घेतली होती. त्या एकाच फाइलीत माय होती. ओव्यांच्या आधी दार वाजते आणि ती विचारते, "कोन हाय?" नातवाला तेवढेच दोन सेकंद दारासाठी हवे होते. आम्ही ते ठेवले, बाकीचे काढले, बारीक केले आणि जतन करायला गेलो. संगणकाने विचारले, त्याच नावाची फाइल आहे, बदलू का? आम्ही 'हो' म्हटले.

संध्याकाळी ओव्या ऐकायला फाइल उघडली तेव्हा दोनच सेकंद वाजले. नोकरीभर एक आकडा न खोडणाऱ्या माणसाने घरची मूळ वहीच खोडली होती. नातू काही बोलला नाही. आम्हीही त्याला काही बोललो नाही, कारण बटण आम्हीच दाबले होते.

म्हणून सभासदांना विनंती. घरी जुन्या कॅसेटी, लग्नाच्या चित्रफिती, फोनमध्ये आलेले आजी-आजोबांचे निरोप असतील तर आधी त्यांची प्रत करा. एक घरात आणि एक दुसऱ्या गावी, मुलाकडे किंवा मुलीकडे ठेवा. मूळ फाइल 'फक्त वाचण्यासाठी' अशी करून ठेवा आणि काम नेहमी प्रतीवर, नव्या नावाने करा. ज्यांचा आवाज घ्यायचा त्यांना आधी विचारा. मग नातवंडांना खुशाल खेळू द्या. वेळ अमावास्येची शिवारातली हाक, हलगी, चुलीवर थापलेल्या भाकरीचा आवाज, सगळे त्या खेळात जाऊ द्या. आपल्या सीमाभागातली मराठी, कानडी आणि दखनी मिसळलेली बोली मुलांच्या कानावर पडायची ही एक चांगली वाट आहे.

आमच्या खेळात आता दार उघडले की माय विचारते, "कोन हाय?" आवाज खरखरीत आहे, पण ओळखू येतो. त्या दोन सेकंदांच्या आम्ही तीन प्रती केल्या आहेत.