राईच्या खारातले एक वर्ष

नरकचतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी भाईंदर स्टेशनाबाहेर, पश्चिमेच्या अंगाला, टोपलीत कारिटे घेऊन बायका बसतात. दहा रुपयांना चार. आमच्या इमारतीतली सगळी बिऱ्हाडे ती घेतात, पहाटे अभ्यंगस्नान आटोपून दाराशी डाव्या अंगठ्याने फोडतात आणि नरकासुराचा वध झाल्याच्या समाधानात फराळाकडे वळतात. काही वर्षांपूर्वी माझ्या मुलीने विचारले, "बाबा, ही कारिटे पिकतात कुठे?" मी मराठीचा प्राध्यापक, तेव्हा उत्तर द्यायला कचरतो थोडाच! "कोकणात," असे सांगून मोकळा झालो. ते कोकण आमच्या स्टेशनापासून उत्तनच्या बसने जेमतेम वीस मिनिटांवर आहे, हे मला स्वतःलाच तेव्हा ठाऊक नव्हते.

ठाऊक झाले ते एका विद्यार्थ्यामुळे. २०१८ साली आमच्या कला शाखेत राई गावचा एक आगरी मुलगा होता. तासाला बोलीभाषांचा विषय निघाला होता. 'भांग' या शब्दाचे अर्थ सांगा, असे मी वर्गाला म्हटले. एक डोक्यावरचा भांग, दुसरी शिवरात्रीची भांग. वर्ग मनमुराद हसला. हा मुलगा मागच्या बाकावरून उठून म्हणाला, "सर, तिसरा पण आहे. अष्टमीच्या आसपास भरती मंद येते ना, तो भांग. पुनवेला-अवसेला येते ते उधाण." वर्ग पुन्हा हसला, मी मात्र हसलो नाही. वीस वर्षे मराठी शिकवणारा माणूस खाडीच्या काठी राहतो आणि त्याला भरतीच्या दोन जातींची नावे ठाऊक नसतात, ही काही भूषणाची गोष्ट नव्हे. पुढल्या रविवारी वही घेऊन मी त्याच्या घरी गेलो. तेव्हापासून मुर्धे, राई आणि मोर्वे या तीन गावांकडे माझ्या खेपा चालू आहेत.

बसमधून जाताना डावी-उजवीकडे पाहत राहावे. इमारती विरळ होतात, मग एकाएकी आभाळ मोठे होते. पाण्याचे चौकोन, त्यांच्यामधून गेलेले मातीचे बांध आणि पलीकडे तिवरांची हिरवी रेघ. २००२ साली महानगरपालिका झालेले आणि २०११ च्या जनगणनेत आठ लाखांवर गेलेले हे शहर. त्याच्या पोटात अशी गावे आहेत हे शहरातल्याच पुष्कळांना ठाऊक नसते. आमच्या शेजाऱ्यांना महाबळेश्वरचे सगळे पॉइंट पाठ आहेत, पण राई पाहिलेले एकही बिऱ्हाड त्यांच्यात नाही.

मुलाचे आजोबा आगरावर काम करीत. आगर त्यांच्या मालकीचा नव्हता. मालक दुसरे, हे पिढ्यानपिढ्या राबणारे. वय ऐंशीच्या घरात, अंगाने काटक, बोलणे कमी. मला ते 'मास्तर' म्हणत. "मीट कसं करतात ते पुस्तकात लिवलंय ना, मग इथं कशाला येता?" हा त्यांचा पहिला प्रश्न होता. पुस्तकात होतेच. समुद्राच्या शंभर किलो पाण्यात सुमारे साडेतीन किलो क्षार असतात आणि आटून आटून पाणी एक दशांशाच्या आसपास उरले की मिठाचा दाणा धरू लागतो. पण पुस्तकात न लिहिलेलेच जास्त होते.

पाऊस ओसरला की आश्विनात आगराचे काम सुरू होते. पावसाने बांध खचलेले असतात, खणांत गाळ बसलेला असतो. तो उपसायचा, बांधांना नवी माती लावायची आणि खणांचे तळ पायांनी तुडवून, लाकडाने ठोकून सिमेंटासारखे घट्ट करायचे. कारण तळ भुसभुशीत राहिला तर मीठ मातकट होते आणि पाणीही जिरून जाते. मग उधाणाच्या दिवशी उघाडी उघडून खाडीचे पाणी आत घ्यायचे. हे पाणी एका खणातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असे दिवसेंदिवस फिरवीत न्यायचे. प्रत्येक मुक्कामाला ते अधिक दाट होते. शेवटच्या खणात दाणा धरला की लाकडी फावड्याने ओढून काठावर ढीग करायचा. खाली उरलेले पाणी कडू असते. ते वेळीच काढून टाकले नाही तर सगळे मीठ कडू व्हायचे. केव्हा काढायचे हे बाबांना बोट बुडवून जिभेला लावले की कळत असे. मीही एकदा लावून पाहिले. मला फक्त खारट लागले.

पौषात मिठाचे पहिले दाणे येतात, आणि त्याच सुमारास पाहुणेही आलेले असतात. हिवाळ्याच्या सकाळी त्या उथळ पाण्यात इतके पक्षी उतरतात की चौकोन हलतो आहे असे वाटावे. लांब तांबड्या पायांचे शेकाटे आपले कायमचेच. सर्कशीतल्या काठीवर चालणाऱ्या माणसासारखी त्यांची चाल. पण त्यांच्या पायांशी लुटूलुटू पळणारे तुतवार आणि चिमणीएवढे टिलवे उत्तरेकडून, काही तर थेट सैबेरियाच्या टोकाकडून, हजारो मैल उडून आलेले असतात. भाईंदर स्टेशनाच्या पलीकडे खाडीकाठी लोक कुरवांना शेव-गाठ्या टाकतात आणि फोटो काढतात. पक्ष्याला शेव खाऊ घालणे ही आमच्या शहरी भूतदयेची एक तऱ्हाच आहे. खारातल्या टिलव्याला कोणी काही घालीत नाही. त्याला चिखलातला किडा पुरतो.

एका माघी संध्याकाळी बांधावर बसलो असताना तिवरांतून कोल्हेकुई उठली. मी दचकलो. पंधराव्या मजल्यावरचे दिवे समोर दिसत आहेत, लोकलचा भोंगा ऐकू येतो आहे आणि मधे कोल्हे! बाबा शांतपणे म्हणाले, "आमचा वाचमन तो." मग त्यांनी समजावले. चिंबोऱ्या बांधाला भोके पाडतात, भोकातून पाणी झिरपते आणि एखाद्या उधाणात बांधच फुटतो. कोल्हा चिंबोऱ्या खातो. म्हणून या घरात कोल्ह्याला कोणी दगड मारीत नाही. पूर्वेकडे, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला, काशीमिरा आणि चेण्याच्या बाजूला बिबट्या दिसला की वर्तमानपत्रांत पहिल्या पानावर येतो. तिकडच्या वारली पाड्यांत त्याला वाघोबा म्हणून शेंदूर लागतो, दिवाळीच्या तोंडावर वाघबारसही होते. कोल्ह्याच्या नशिबी ना बातमी, ना शेंदूर. तिवरांना मात्र हल्ली कायद्याचा थोडा आधार आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली कांदळवनांच्या तोडीला आळा घातला, २०१२ साली वनखात्यात कांदळवन कक्ष निघाला आणि २०१८ च्या निकालाने ती बंदी पक्की झाली. तिवर राहिले तर कोल्हा राहील. बांध राहतील की नाही, हे कायद्यात लिहिलेले नाही.

चैत्र-वैशाखात खार पांढरा होतो. डोळ्यांना इजा होईल असा पांढरा. तेव्हा सगळी माणसे रात्री तीनला उठून कामाला लागतात आणि ऊन चढायच्या आत घरी येतात. बायका डोक्यावरच्या टोपल्यांतून मीठ वाहतात. बांधावरून एका रेषेत, पाय न घसरता. मिठासाठी १९३० साली वडाळ्याला आणि शिरोड्याला लोकांनी लाठ्या खाल्ल्या, हे मी वर्गात दर वर्षी तळमळून सांगतो. ते मीठ वाहून नेणाऱ्या पायांच्या टाचांना कशा भेगा पडतात, हे मात्र मी राईला पाहिले.

याच दिवसांत टिटवी कोरड्या खणात चार अंडी घालते. घरटे कसले, दोन-चार खडे आणि खळगा. अंडी उंचावर असली तर पाऊस भरपूर, खोलगट जागी असली तर कमी, असे गावोगाव मानतात. बाबांचाही विश्वास होता. २०२५ च्या एप्रिलात टिटवीने अगदी तळाच्या खणात अंडी घातली. "औंदा पाऊस उशिरा," बाबा म्हणाले, आणि मिठाचा ढीग शाकारण्याची घाई कोणी केली नाही. मुंबईत मोसमी पावसाची तारीख साधारण ११ जून. त्या वर्षी तो २६ मे रोजीच दाखल झाला. इतक्या लवकर आल्याची नोंद त्यापूर्वी नव्हती. टिटवीची पिल्ले तोवर अंड्यांतून बाहेर पडून चालती झाली होती, तिचे काही बिघडले नाही. मिठाचा ढीग मात्र उघडाच होता. चार महिन्यांची मेहनत दोन दिवसांत पाणी होऊन पुन्हा खाडीला मिळाली.

मी आठवड्याने गेलो तेव्हा बाबा ओटीवर बसून होते. टिटवीला त्यांनी दोष दिला नाही. "तिनं तिच्या पोरांपुरतं बगितलं," एवढेच म्हणाले. मग माझ्या वहीकडे पाहून म्हणाले, "मास्तर, प्रत्येक खणाला नाव हाय, पाण्याला बी नाव हाय, पहिल्या दिवसापासनं मीट होईपर्यंत. ती सांगायची राहिलीत. लिवून घ्या." मी म्हटले, "घेतो की. पुरवणी परीक्षेचे पेपर तपासून होऊ द्या, मग सावकाश बसू." माझ्या पिशवीत तेव्हा उत्तरपत्रिकांचा गठ्ठा होता, हे खरे. दुसरा गठ्ठा नंतर आला, हेही खरे.

पावसाळ्यात खार वेगळाच होतो. गोड्या पाण्याने खाचरे भरतात, भाताची लावणी होते. आषाढाआधी बाजारात शेवळे येतात आणि त्यांची खाज मारायला बरोबर काकडे. ती विकणाऱ्या बाया डोंगराकडच्या. उत्तनला १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत होड्या किनाऱ्यावर विसावलेल्या असतात, मासेमारीला बंदी असते. पुढे, होड्या सुटल्या आणि पावसाची उघडीप झाली, की त्या वाटेने जाणाऱ्याला बांबूंच्या मांडवांवर एकमेकांच्या जबड्यांत अडकवून टांगलेले बोंबील दिसतात, दिसण्याआधी कळतात. त्याच वाटेवर चौकाजवळ धारावीचा किल्ला आहे. १७३९ च्या वसईच्या मोहिमेत मराठ्यांनी तो घेतला. पण किल्ल्याचा विषय वेगळा, तो पुन्हा केव्हा तरी.

श्रावणात त्या मुलाचा फोन आला. बाबा गेले. रात्री जेवून झोपले ते उठले नाहीत. मी गेलो, पाया पडलो, परत आलो. येताना बसमध्ये मांडीवर वही होती. सात वर्षांत तिच्यात जेमतेम अकरा पाने भरली होती आणि त्यांतली पाच पक्ष्यांची. खणांचे एकही नाव नाही.

पुन्हा जायला पाय उचलत नव्हता. शेवटी आश्विनात, कोजागिरी उलटल्यावर वद्य पंचमीला गेलो. मुलगा आता अंधेरीला एका कचेरीत नोकरीला आहे; शनिवार होता म्हणून घरी होता. आगर यंदा करायचा की नाही यावर घरात बोलणे चालले होते. मुलाचे म्हणणे, एवढ्या कष्टांत पगाराच्या निम्मेही सुटत नाही, बांधाच्या दुरुस्तीलाच माणसे मिळत नाहीत. शिवाय आज ना उद्या काही तरी येणारच. मेट्रोची कारशेड आधी याच तीन गावांत यायची होती. गावकऱ्यांनी विरोध केला तेव्हा ती डोंगरीकडे सरकली. त्याचे बोलणे चुकीचे आहे असे मला म्हणता येईना. लोकलने अंधेरीला जाऊन उभ्याने परत येणाऱ्या माणसाला रात्री तीनला उठून मीठ ओढ, असे सांगणारा मी कोण?

आजी चहा घेऊन आल्या. सात वर्षे मी त्यांच्या हातचा चहा पीत होतो. मी उगाच काही तरी बोलायचे म्हणून म्हणालो, "बाबांकडून नावे लिहून घ्यायची राहिली हो. माझी चूक झाली."

आजींनी कप खाली ठेवला. "मीट कोन व्हायचं, मास्तर? मी का ते?"

मी गप्प.

"पन्नास वर्सं टोपली माझ्या डोकीवर. कुठल्या खणातनं उचलायचं ते नावानंच सांगायचे ना? तुमी कवा इचारलंत?"

खरेच, कधी विचारले नव्हते. वही घेऊन जाणारा मी ओटीवर बसत असे आणि त्या आत असत. मी वही काढली. पण त्या लगेच सांगायला तयार नव्हत्या. आधी त्यांनी माझी परीक्षा घेतली. "आज तिथी कोनची?"

"पंचमी."

"मंग पानी किती वाजता भरंल?"

मला सांगता येईना. नातवाने मोबाइलकडे हात नेला, तो त्यांनी नजरेनेच थांबवला. "तिथीची पाऊनपट. पाच पाऊने?" पाऊणकी मी लहानपणी आजोबांकडून पाठ केली होती, ती कशाला हे कळायला पंचेचाळीस वर्षे लागली. पाच पाऊणे पावणेचार. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. त्यातून सहा तासांनी सुकती. घड्याळात सव्वातीन झाले होते.

"चला," आजी म्हणाल्या, "जागेवर गेल्याबिगर नावं कशी येतील?"

आम्ही तिघे बांधावरून निघालो. आजी पुढे, अनवाणी. बांधाच्या उतारावर कारिटाचे वेल पसरले होते, फळे नुकती धरली होती. उघाडीपाशी पाणी हळूहळू चढत होते आणि एका फटीतून आत झिरपत होते. नातवाने पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, वाकून हातानेच चिखलाचा एक गोळा उचलला आणि त्या फटीवर थापला. आजींनी तो पायाने दाबला. मग समोरच्या पहिल्या खणाकडे बोट करून माझ्याकडे पाहिले, आणि मी वहीचे बारावे पान उघडले.