पितरांची वाट आणि कार्तिकातील दिवे

काशीक्षेत्रात केदारघाटाच्या उत्तरेस, नारदघाटाला लागून जो घाट आहे त्याला आज राजाघाट म्हणतात. त्याचे जुने नाव अमृतराव घाट. राघोबादादांचे दत्तक पुत्र अमृतराव पेशवे यांनी तो दगडांत बांधून काढला. १८०२ साली यशवंतराव होळकरांनी पुणे घेतले तेव्हा अमृतरावांच्या मुलाला गादीवर बसविण्याचा घाट घातला गेला. पण १८०३ मध्ये इंग्रजांची फौज पुण्यावर चालून आली आणि तो बेत उधळला. अमृतरावांनी इंग्रजांकडून वार्षिक तनखा पत्करला व पुढील आयुष्य उत्तरेत, काशीच्या आसऱ्याने घालविले. १८२४ साली ते निवर्तले.

शरद ऋतू लागला की काशीच्या घाटांवर उंच बांबू उभे राहतात. बांबूच्या शेंड्याला वेताची एक लहान टोपली दोरीने बांधलेली असते. तिन्हीसांजेला टोपलीत पणती ठेवून दोरी ओढली की दिवा वर चढतो. कोजागरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत हा क्रम चालतो. हाच काशीचा आकाशदीप. हे दिवे कोणासाठी, असे घाटावर विचारले तर बहुतेकांकडून एकच उत्तर मिळते : पितरांसाठी.

पण धर्मशास्त्राचे ग्रंथ उघडले म्हणजे थोडी वेगळी हकीकत आढळते. याविषयीचा एक प्रमाणग्रंथ काशीतच आणि तोही मूळच्या महाराष्ट्रीय घराण्यातील पंडिताने लिहिलेला आहे. पैठणहून काशीस येऊन स्थायिक झालेल्या भट्ट घराण्यातील कमलाकरभट्टांनी १६१२ मध्ये ‘निर्णयसिंधु’ पुरा केला. पुढे पंढरपूरच्या काशीनाथशास्त्री उपाध्यायांनी १७९० च्या सुमारास ‘धर्मसिंधु’ रचला, तो बव्हंशी याच परंपरेच्या आधाराने. या ग्रंथांत आकाशदीप सांगितला आहे तो लक्ष्मीसह दामोदरासाठी, म्हणजे विष्णूसाठी. पितरांसाठी सांगितलेला विधी निराळा असून त्याचे नाव उल्कादान. सूर्य तुळा राशीत असताना चतुर्दशीला व अमावास्येला प्रदोषकाळी हातात पेटती चूड घेऊन पितरांना मार्ग दाखवावा, असे ते विधान आहे. महालयासाठी यमलोक सोडून आलेल्यांना परतीची वाट उजळून मिळावी, हा त्याचा हेतू.

येथे कोणालाही एक शंका सुचेल. पितृपक्ष संपतो सर्वपित्री अमावास्येला, आणि दिवाळी येते त्यानंतर महिनाभराने. मग पाहुणे एवढे दिवस राहिले कोठे? याचे उत्तर शास्त्रकारांच्या कालगणनेत आहे. सूर्य कन्या राशीत गेला की पितर पृथ्वीवर येतात आणि तो वृश्चिकेत जाईपर्यंत श्राद्धाची वाट पाहतात, असे त्यांनी मानले. ज्याला पंधरवड्यात श्राद्ध जमले नाही त्याला म्हणूनच पुढेही सवड ठेवलेली आहे. दिवाळीची अमावास्या साधारणपणे तुळेच्या सूर्यात पडते; निरोपाची चूड तेव्हा पेटवायची. (महाराष्ट्रात ज्याला भाद्रपद वद्य म्हणतात त्यालाच काशीकर आश्विन कृष्ण म्हणतात. महिन्यांची नावे बदलतात, तिथी बदलत नाही.)

कालांतराने चूड मागे पडली आणि बांबूवरचा दिवा राहिला. दोन्ही दिवे एकाच महिन्यातले व एकाच संध्याकाळचे, तेव्हा लोकांनी चुडीचा अर्थ टोपलीतल्या पणतीला दिला असावा. पंडितांच्या दृष्टीने ही सरमिसळ होय. तरी ती करणाऱ्या लोकांना दिव्याचे प्रयोजन पंडितांहून अधिक जवळचे वाटले, एवढे निश्चित. महाराष्ट्रात दारापुढे टांगला जाणारा आकाशकंदील याच कुळातला दिसतो. त्याच्या नावातील ‘कंदील’ मात्र अरबी आहे.

काशीत या दिव्याला आणखी एक अडचण आहे. काशीत मरण आलेल्याच्या कानात साक्षात शंकर तारक मंत्र सांगतात आणि तो जीव मुक्त होतो, अशी श्रद्धा आहे. जो मुक्त झाला त्याला वाट कसली दाखवायची? तेव्हा दिवा आहे तो बाहेर मेलेल्यांसाठी. उल्कादानाच्या मंत्रात कुळातील अग्निसंस्कार झालेल्या जीवांबरोबर तो न झालेल्यांचाही उल्लेख केलेला आहे. या दुसऱ्या वर्गाचे महत्त्व मराठी घराण्यांना वेगळे सांगावे लागू नये. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर जे पडले त्यांपैकी असंख्यांची प्रेते घरच्यांना दिसलीही नाहीत. चितेवाचून गेलेल्या माणसाचे काय करायचे हा प्रश्न त्या पिढीपुढे पोथीतला नव्हता. शस्त्राने मेलेल्यांसाठी पितृपक्षातील चतुर्दशी राखून ठेवलेली आहेच, आणि दिवाळीतल्या चतुर्दशीला यमतर्पण सांगितले आहे. चतुर्दशीचे एक शास्त्रीय नावच ‘भूततिथी’ आहे. बंगालमध्ये त्या दिवसाला उघड भूतचतुर्दशी म्हणतात, चौदा दिवे लावतात आणि चौदा पालेभाज्या खातात.

मात्र त्या रात्री येतात ते सगळेच आपले असतात असे नाही. कोकणात नरकचतुर्दशीच्या पहाटे कारिट पायाखाली चिरडतात. गोव्यात नरकासुराची भली मोठी प्रतिमा रात्रभर मिरवून पहाटे जाळतात. लक्ष्मीपूजनाच्या मध्यरात्री स्त्रियांनी सूप व डिंडिम वाजवीत अलक्ष्मीला घराबाहेर हाकलावे, असे ग्रंथांतही आहे. आप्तांना उजेड दाखवायचा आणि अवदसेला आवाजाने पळवून लावायचे, अशी ही दुहेरी व्यवस्था आहे.

युरोपातही वर्षाच्या याच सुमारास मृतांची आठवण काढतात. ३१ ऑक्टोबरच्या रात्रीचा हॅलोवीन हा १ नोव्हेंबरच्या सर्व संतांच्या सणाची पूर्वसंध्या होय. २ नोव्हेंबर हा सर्व मृतात्म्यांचा दिवस क्लूनीच्या मठाचा प्रमुख ओदिलो याने दहाव्या शतकाच्या अखेरीस सुरू केला. त्या दिवसांत दारोदार जाऊन मृतांसाठी प्रार्थना म्हणणाऱ्यांना इंग्लंडात छोट्या पोळ्या मिळत. आयर्लंडमध्ये सलगम कोरून त्यात दिवा ठेवीत. आयरिश लोक अमेरिकेत गेले तेव्हा सलगमाच्या जागी भोपळा आला. हे सारे ‘सावन’ नावाच्या प्राचीन केल्टिक सणातून उतरले, असे सरसकट सांगितले जाते. ते इतके सोपे नाही. आयर्लंडच्या जुन्या पंचांगांत सर्व संतांचा दिवस २० एप्रिलला आढळतो; १ नोव्हेंबर ही तारीख मुख्यतः इंग्लंड व जर्मन प्रदेशांतून पसरली. मुळाचा शोध घेताना सर्वांत जुने ते सर्वांत खरे असे धरून चालण्याची सवय तिकडेही आहे आणि इकडेही.

दोन प्रदेशांनी ही चाल एकमेकांकडून घेतली असे मानण्यास पुरावा नाही. पीक घरात आले आहे, रात्र मोठी होत चालली आहे, घरात खायला आहे आणि ज्यांनी ते पूर्वी पिकविले ते आता नाहीत, ही परिस्थिती मात्र दोन्हीकडे सारखी होती.

काशीत पंचगंगा घाटावर अहिल्याबाई होळकरांच्या नावाने ओळखला जाणारा दगडी हजारा दीपस्तंभ आहे. कार्तिकी पौर्णिमेला तो पेटवितात. १९९९ च्या कारगिल युद्धानंतर दशाश्वमेध घाटावर युद्धात पडलेल्या जवानांच्या नावाने आकाशदीप चढविण्याची प्रथा सुरू झाली. ज्यांच्या कुळाशी दिवा चढविणाऱ्याचा काही संबंध नाही अशांसाठीही ती टोपली आता रोज संध्याकाळी वर जाते. महिना संपला की बांबू उतरवून ठेवतात.