श्वासाचं माप घेणारे टेलर!

ऑपरेशन झकास झालं, पण टाक्यांची जागाच आवळली तर? थ्रीडी प्रिंटिंगकडे यावर एक हटके उत्तर आहे.

रेडीमेड शर्ट खांद्यात सैल निघाला, तर फार तर आपण तो बदलून आणतो. पण श्वासनळीत बसवायची वस्तूच मापाची नसेल तर?

फुप्फुस प्रत्यारोपणात नव्या फुप्फुसाची श्वासनळी पेशंटच्या नळीला टाके घालून जोडतात. त्या जोडाला रक्तपुरवठा मुळातच बेताचा. त्यामुळे काहींची नळी तिथे आकसते, वाकडी होते. म्हणजे नवं फुप्फुस ठणठणीत, पण हवा दारातच अडकलेली! जिना चढणं सोडाच, बोलतानाही धाप लागते.

उपाय म्हणजे स्टेंट, नळी उघडी धरणारा सिलिकॉनचा पोकळ तुकडा. पण तयार स्टेंट ठरावीक साइझचे, सरळसोट. वाकड्या नळीत ते सरकतात, टोचतात. मग तिथे मांस वाढतं, कफ साठतो.

फिटिंग एकदम परफेक्ट

फ्रान्समधल्या तुलूझच्या डॉक्टरांनी मग टेलरचा फंडा वापरला. सीटी स्कॅनवरून पेशंटच्या नळीचं थ्रीडी मॉडेल बनवायचं आणि स्टेंट त्यावरच बेतायचा. प्रत्यारोपणानंतर नळी आकसलेल्या एका पेशंटची अशी केस त्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केली.

अमेरिकेत क्लीव्हलँड क्लिनिकच्या डॉ. टॉम गिल्डे यांनीही हीच वाट धरली. गंमत म्हणजे तिथे प्रिंटरमधून स्टेंट निघत नाही, निघतो त्याचा साचा. त्यात मेडिकल ग्रेडचं सिलिकॉन भरतात. आपल्या मोदकाच्या साच्यासारखंच, फक्त इथे दर पेशंटला साचा नवा! जानेवारी २०२० मध्ये अमेरिकेच्या एफडीएने या स्टेंटला हिरवा कंदील दाखवला.

जादू नाही बरं का!

तुलूझच्या टीमने २०१९ मध्ये १० पेशंटचे निकाल मांडले. त्यातल्या ८ जणांचा श्वास सुधारला. मात्र ४ जणांना त्रासही झाला. कुणाचा स्टेंट सरकला, कुणाचा कफाने तुंबला, एकाचा तर जोरदार खोकल्यामुळे काढावा लागला. म्हणजे कस्टम-मेड असलं तरी त्रास होऊ शकतोच. शिवाय नळीचा आकार काळानुसार बदलतो, की पुन्हा स्कॅन आणि पुन्हा नवा साचा.

तरीही विचार करा. प्रत्यारोपणासारखं दिव्य पार करून आलेल्या माणसाला ‘तुमच्या साइझचं नाही’ एवढंच ऐकावं लागत नाही. त्याच्यासाठी, फक्त त्याच्याच मापाचं, काहीतरी बनू शकतं. धाप न लागता चार वाक्यं बोलता येणं म्हणजे काय, हे त्यालाच विचारा!